मदत हवी आहे: मिरजेतल्या रुग्णालयातली पूर्ण फाइल आणि एमआरआय पुण्याच्या डॉक्टरांना कसे पाठवावेत?

येरळाकाठ
रुग्णाचं वय ६८, तासगाव तालुका. दोन महिन्यांपूर्वी मिरजेत मणक्याचं ऑपरेशन, आता पुण्यात दुसरं मत घ्यायचं आहे. हातात डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची सीडी आणि बिलं आहेत.
१) रेकॉर्ड विभाग म्हणतो, "कार्ड दिलंय की, केसपेपर बाहेर देत नाही."
२) आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) काढलं, पण ॲपमध्ये त्या रुग्णालयाचं काहीच दिसत नाही.
३) सीडी उघडत नाही. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो चालतील का? आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर टाकावं का?

दंडोबा
पहिल्याचं सांगतो. तोंडी मागितलं की तोंडीच नकार मिळतो, त्यामुळे लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का व तारीख घेऊनच खिडकी सोडा. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज पोचपावतीच्या स्पीड पोस्टानं पाठवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांत कलम १.३.२ आहे: रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागणी केली की तिची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. हे कलम अर्जात लिहा.

नुसतं "सर्व कागदपत्रे" लिहू नका, डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात पडेल. आयपीडी नंबर (भरती रुग्णाचा नोंदणी क्रमांक), दाखल आणि डिस्चार्जची तारीख टाकून नावं घ्या: केसपेपर, ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, संमतीपत्रं, लॅब रिपोर्ट. मणक्यात स्क्रू-रॉड बसवले असतील तर इम्प्लांटचे स्टिकर असलेलं पान जरूर मागा. कंपनी, माप आणि बॅच नंबर त्यावरच असतात. पुन्हा एमआरआय करायचा झाला तर ते पान सगळ्यात आधी विचारतील.

मूळ फाइल मागू नका, ती त्यांनी सांभाळायची असते. तुम्हाला प्रती हव्यात आणि झेरॉक्सचा रास्त खर्च द्यावा. रुग्ण स्वतः जाणार नसतील तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र लागेल. सोबत आधारची झेरॉक्स मागतील, तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या आणि त्यावर आडवं लिहा: "फक्त वैद्यकीय रेकॉर्डसाठी", खाली तारीख.

पेवातली हळद
आभाबद्दल मोठा गैरसमज आहे. चौदा आकडी नंबर म्हणजे फाइलींचं गोदाम नव्हे. नोंदी रुग्णालयाच्याच संगणकावर राहतात, आभा फक्त दुवा जोडतं. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आभाच्या जाळ्यात नसेल तर ॲपमध्ये काही येणार नाही. हातानं लिहिलेला केसपेपर स्कॅन केलेला नसेल तर तोही येणार नाही.

रुग्णालय जाळ्यात असूनही दिसत नसेल तर बहुतेक वेळा जुळणी फसलेली असते. मोबाइल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष पाहून शोध लागतो. दाखल करताना धावपळीत पुतण्याचा मोबाइल दिलेला असतो आणि काउंटरवर जन्मतारखेऐवजी नुसतं "वय ६८" टाईप होतं. सॉफ्टवेअर त्यावरून वर्ष काढतं, आधारवरचं वर्ष वेगळं निघतं, की जुळणी गेली. आधार दुरुस्त करण्याच्या फंदात लगेच पडू नका. नोंदणी काउंटरवर मोबाइल आणि जन्मतारीख सुधारून घ्या, आभा नंबर त्याच नोंदीला जोडायला सांगा आणि मग ॲपमधून पुन्हा शोधा.

आणि आभा ऐच्छिक आहे. "आभा नाही म्हणून केसपेपर काढत नाही" असं कुणी म्हटलं तर ते चूक.

काळी फिल्म
फोटो पाठवू नका. फिल्मवर निवडलेले काप (एकेका थराची चित्रं) असतात, तेही ठरावीक उजेडात छापलेले. सीडीत सगळे काप असतात आणि डॉक्टर हवा तसा उजेड-गडदपणा बदलून पाहू शकतात.

सीडी "उघडत नाही" म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. फोल्डर दिसतात पण चित्र दिसत नाही, असं असेल तर सीडी चांगली आहे. आतल्या फाइली डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रकारच्या असतात, नावापुढे बहुधा एक्स्टेंशन नसतं, म्हणून लॅपटॉप गोंधळतो. वीसिस हा मोफत व्ह्यूअर टाका आणि 'डायकॉमडीर' नावाची फाइल त्यात उघडा. सीडी वाचलीच जात नसेल तर मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. तरीही नाही जमलं तर एमआरआय सेंटरकडून नवी प्रत मागा. पेन ड्राइव्ह व्हायरसच्या भीतीनं सहसा घेत नाहीत, कोरी सीडी न्या.

पाठवताना अख्खं फोल्डर उचला; मधल्या दोन-चार फाइली वेगळ्या काढल्या की क्रम बिघडतो. मोफत ऑनलाइन व्ह्यूअरवर चढवू नका, कारण प्रत्येक फाइलच्या आत रुग्णाचं नाव, आयडी आणि जन्मतारीख लिहिलेली असते. पुण्याच्या डॉक्टरांसाठी मात्र ती माहिती पुसू नका. नाव नसलेला स्कॅन कुणाचा हे त्यांनी कसं ठरवायचं?

येरळाकाठ
वीसिसमध्ये उघडली! धन्यवाद दादा. पाठवताना पासवर्ड कसा लावू? आणि पुण्याच्या रुग्णालयानं आभावर परवानगी मागितली तर?

काळी फिल्म
सेव्हन-झिप या फाइली बांधायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्हन-झेड' प्रकार निवडा, पासवर्ड टाका आणि "फाइलींची नावंही कुलूपबंद करा" या पर्यायावर टिक करा. साध्या झिपमध्ये आतली नावं उघडीच राहतात आणि फोल्डरचं नावच पुष्कळदा रुग्णाचं असतं. पासवर्ड त्याच चॅटमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. त्यांच्याकडे सेव्हन-झिप आहे का, हे आधी विचारा.

छापायचे कागद झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायची आपल्याकडे सवयच आहे. त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या गावाचे रिपोर्ट पडलेले असतात. समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही.

पेवातली हळद
परवानगीची विनंती आली की लगेच 'मंजूर' दाबू नका. त्यात कारण, नोंदींचे प्रकार, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंतच्या नोंदी आणि मुदत असते. मंजूर करण्याआधी हे कमी करता येतं. मणक्यासाठी डिस्चार्ज समरी आणि तपासण्यांचे रिपोर्ट द्या, काळ ऑपरेशनच्या आधीचे काही महिने ते आजपर्यंत, मुदत पंधरा दिवस पुरे. नंतर परवानगी मागे घेतली तर पुढची देवाणघेवाण थांबते, पण त्यांनी आधीच छापून फाइलला लावलेला कागद ॲपमधून परत येत नाही.

दंडोबा
७२ तास उलटले तर पोचेची प्रत जोडून तक्रार करा. रुग्णालय सांगली-मिरज-कुपवाड मनपा हद्दीत असेल तर मनपाच्या आरोग्य विभागाकडे, डॉक्टरांविरुद्ध असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. सरकारी रुग्णालय असेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही चालतो, पण त्याला ३० दिवस धरा. पुण्याची तारीख कधीची आहे?