मदत हवी आहे: व्हीआर हातमोज्यात बोटांचे आकडे उड्या मारतात

नमस्कार मंडळी. मी मालवणचा. आमच्याकडे रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मासेमारीची जाळी घरीच सांधतात. बाबांच्या हातची गाठ मला व्हीआरमध्ये (हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात) जशीच्या तशी उतरवायची आहे, म्हणजे शिकणाऱ्याला बोटं कशी वळतात ते सगळ्या बाजूंनी बघता येईल.

आधी हेडसेटच्या कॅमेऱ्यांवरच करून पाहिलं. मोकळा हात उत्तम पकडतात. पण सुई फिरवताना अंगठा तर्जनीच्या आड जातो आणि मग हेडसेट तो अंदाजाने कुठेतरी दाखवतो. गाठीचा सगळा जीव तिथेच आहे हो!

म्हणून ल्युसिडग्लोव्ह्ज या घरी बनवायच्या व्हीआर हातमोज्याच्या खुल्या आराखड्यावरून हातमोजा बनवला. बोटाच्या पाठीवरून दोरा, तो स्प्रिंगच्या रिळावर, रिळाला पोटेन्शियोमीटर (रीळ किती फिरलं ते सांगणारा फिरता रोधक), तो वाचायला ईएसपी32 ही वायफायवाली छोटी कंट्रोल चिप. बोट मिटलं की 0 ते 4095 मधला आकडा बदलतो. मे महिन्यात झकास चालला. पाऊस लागला तशी तर्जनी स्थिर धरली तरी आकडा 1800 वरून 2300 वर जातो. रीळ चारदोनदा फिरवलं की तासभर शांत. घर समुद्राला लागून आहे, दाराच्या कड्यासुद्धा वर्षभरात गंजतात.

दुसरं म्हणजे, परवा यूएसबी काढून वायफायवर घेतला तर अंगठा आणि करंगळी साफ बंद. ती दोन 26 आणि 27 पिनवर आहेत, बाकीची 32, 33, 34 वर.

पोटेन्शियोमीटर काढून हॉल सेन्सर (चुंबकावरून न घासता फिरणं मोजणारा) लावू का? आणि बोटाच्या टोकाला छोटी व्हायब्रेशन मोटर लावली तर गाठ आवळल्याचं कळेल का? बाबा म्हणतात, "गाठ डोळ्यान नाय कळाची, बोटान कळता."

उत्तर: दादा, दुसरं दुखणं सोपं आहे. 26 आणि 27 एडीसी2 वर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपमधल्या दुसऱ्या भागावर) येतात आणि वायफाय चालू असताना एडीसी2 वाचता येत नाही. दोन्ही वायरी 35 आणि 36 वर घ्या, त्या एडीसी1 वर आहेत. उड्यांचं कारण बहुधा आतली कार्बनची पट्टी. दमट खाऱ्या हवेत तिच्यावर थर बसतो, फिरवलं की तेवढ्यापुरता घासून निघतो. हॉल सेन्सर जरूर लावा, त्यात घासणारं काही नसतं. एएस5600 हा हॉल सेन्सर घेतलात तर पाचही सेन्सरांचा आयटूसी पत्ता (चिप ज्या क्रमांकाने त्यांना हाक मारते तो) एकच असतो, मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे एकेकाला आळीपाळीने जोडणारी चिप लागेल. मोटरने फक्त स्पर्श झाल्याचं कळेल. सर्व्होने (ठरावीक कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरने) रीळ अडवलं तर बोट मिटायचं थांबतं, हातात वस्तू आल्यासारखं वाटतं. ओढलेल्या दोऱ्याचा ताण मात्र त्यातही येणार नाही. आणि मनगटावर हेडसेटचा हातात धरायचा कंट्रोलर बांधलाय ना? हातमोज्याला बोटांचा वाक कळतो, हात हवेत कुठे आहे ते नाही.

धागाकर्ता: मनापासून आभार! कंट्रोलर बांधलेला आहे. आत्ताच अंगठा 35 वर घेतला, वायफायवर लगेच हलला. तर्जनीला आधी एकच हॉल सेन्सर लावतो आणि रविवारी बाबांना घालायला देऊन आकडे इथेच टाकतो. दोऱ्याच्या ताणासाठी कुणी काही केलं असेल तर कृपया लिहा, मला तेच सगळ्यात जास्त हवं आहे.