मदत हवी आहे : अल्जिनेट हायड्रोजेलमधून प्रथिन फार लवकर बाहेर पडते

समूहातील जाणकारांना नमस्कार. जखमेत नव्या रक्तवाहिन्या तयार होण्यास मदत करणारे व्हीईजीएफ हे प्रथिन, कॅल्शियमने जोडलेल्या अल्जिनेट हायड्रोजेलमधून (समुद्री शैवालातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या साखळ्यांची पाणी धरून ठेवणारी जाळी) काही दिवस सावकाश सोडता येईल का, हा माझ्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय आहे. व्हीईजीएफ अतिशय महाग असल्यामुळे प्राथमिक चाचण्यांसाठी मी त्याच्या जागी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील प्रथिन) वापरत आहे. परंतु त्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच द्रावणात उतरतो.

मला दोन शंका आहेत. फॉस्फेट बफर जेलमधील कॅल्शियम ओढून घेतो आणि जाळी सैल होते, म्हणून फॉस्फेट नसलेल्या ट्रिस बफरमध्ये थोडे कॅल्शियम क्लोराइड घालून चाचणी घेणे अधिक योग्य ठरेल का? दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. ७.४ पीएचला अल्ब्युमिनवर अल्जिनेटप्रमाणेच ऋण प्रभार असतो, त्यामुळे जेल त्याला धरून ठेवत नाही. व्हीईजीएफचा हेपारिनशी (ऋण प्रभारित शर्करा-साखळी) जुळणारा भाग मात्र धन प्रभारित असतो. मग अल्ब्युमिनवरून काढलेले निष्कर्ष त्याला लागू होतील का? अल्ब्युमिनऐवजी लायसोझाइम हे प्रथिन घ्यावे, तर ते धन प्रभारित आहे, पण त्याचा रेणुभार केवळ १४ किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे व्हीईजीएफपेक्षा बराच कमी आहे.

जेलला कायटोसान या धन प्रभारित बहुवारिकाचे (पॉलिमरचे) आवरण देण्याचा किंवा अल्जिनेटला हेपारिन जोडण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी, विशेषतः बाहेर पडलेले प्रथिन कार्यक्षम राहिले आहे हे कसे तपासले, ते कृपया सविस्तर सांगावे.