अहिराणी गोष्टीचं कार्टून करायचंय, कुठलं ॲनिमेशन घेऊ?

तापीकाठ: नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा, बीएस्सीला आहे. आजी अहिराणीत लांडग्याची एक गोष्ट सांगते, तिचं दोनेक मिनिटांचं कार्टून करून यूट्यूबला टाकायचंय. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. एका क्लासमध्ये विचारलं तर म्हणे पहिले माया (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिक, फी ऐकून गुपचूप बाहेर आलो. टूडी, थ्रीडी, मोशन ग्राफिक्स वाचून डोकं भणभणलंय, फुकटात काय होईल?

भुसावळी_भो: काय भो, माया स्टुडिओत नोकरी करायची असेल तर शिक. थ्रीडीत आधी मॉडेल, मग रिगिंग (हलवायला आतला सांगाडा बसवणं), मग लायटिंग, मग रेंडर (शेवटची चित्रं तयार करणं), तुझा लॅपटॉप मे महिन्यात जळगावात असतो तसा तापेल. आणि आफ्टर इफेक्ट्स मुख्यतः मोशन ग्राफिक्सला, म्हणजे अक्षरं, लोगो वगैरे हलवायला, वर दर महिन्याला पैसे. तू कटआउट कर, म्हणजे चित्राचे सुटे तुकडे जोडून हलवायचे. डोकं, दंड, हात, पाय सगळं कृता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या लेयरवर काढ आणि ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून हलव, दोन्ही फुकट. ओपनटून्झ साधंसुधं नाही बरं, जपानचा कार्टून फिल्मवाला स्टुडिओ घिबली वापरायचा त्या टून्झ सॉफ्टवेअरवरूनच २०१६ला ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलं, झालं. एक सांगतो, कोपराजवळ दोन्ही तुकड्यांची टोकं गोल ठेव आणि एकावर एक चढव, नाहीतर हात वाकला की मध्ये फट दिसते.

ब्लेंडरप्रेमी_धुळे: थ्रीडीला एवढं घाबरवू नका राव. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर पण फुकटच, २०२५ला ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची 'फ्लो' फिल्म ब्लेंडरमध्येच केलीय. शिवाय त्यात ग्रीस पेन्सिल आहे, टूडी चित्र पण काढता येतं.

भुसावळी_भो: मान्य दादा, पण पहिल्याच गोष्टीला पोरगं बटणं शोधण्यातच दमायचं.

चोपड्याची_बाई: मी शाळेत शिकवते, आम्ही पोळ्याच्या मातीच्या बैलांवर स्टॉप मोशन केलं. मोबाईल स्टँडला घट्ट बांधायचा, बैल जरासा सरकवायचा, फोटो, परत सरकवायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर दोन मिनिटांना १४४० होतात, तेवढा दम हवा. खिडकीचा उजेड नको, ढग आला की पिक्चर लुकलुकतं, म्हणून पडदा लावून एकच बल्ब आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेडाचं सेटिंग) लॉक. माती वाळून तडकते, प्लॅस्टिसिन (न वाळणारी खेळायची माती) आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोळागोळा होतं, तेव्हा करायचं तर हिवाळ्यात कर.

तापीकाठ: धन्यवाद ताई, भाऊ. कटआउटच करतो. आवाज आधी घ्यायचा का नंतर?

भुसावळी_भो: आधी! आजीला नेहमीसारखी बसून सांगू दे, पंखा बंद कर, मोबाईल जवळ ठेव. तोंड नंतर आवाजावर बसवायचं, बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, गोल, चार चित्रं भागतात. आणि खाली मराठी सबटायटल टाक, पुण्याकडच्यांना अहिराणीतलं 'शे' (म्हणजे 'आहे') कळायचं नाही.