गाडीच्या बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर पुन्हा पुन्हा हिरवा थर. आगळाने (कोकमाच्या खारट रसाने) घासलं, तिथे चुकलं का?

माडाखाली (वेंगुर्ला)
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी तीन वर्षांची. घरातून समुद्राची गाज ऐकू येते, गाडी झापांच्या मांडवात उभी. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा बाजारापर्यंत जाऊन येते, तेवढाच तिचा प्रवास.

गेल्या महिन्यात किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. डॅशबोर्डचे दिवे लागायचे, स्टार्टर मारला की मिणमिणायचे. बॉनेट उघडलं तर प्लसवर निळसर-हिरवा फुलोरा, मायनसवर जरा पांढरी भुकटी. काकी मागे उभी होती. म्हणाली, "आगळान घास, तांब्यासारखा चकाचक होतला." आमच्याकडे देवाची भांडी आगळानेच निघतात, म्हणून घासलं. वायरीच्या टोकाचा क्लॅम्प खरंच लखलखला, गाडीही एका फटक्यात लागली. बारा दिवसांत फुलोरा परत, आणि यावेळी क्लॅम्पचा नटही गंजलेला.

चतुर्थीला मुंबईहून सात माणसं येणार आहेत, गणपती आणायलाही हीच गाडी. बॅटरी बदलू की काय करू?

वायरमन (कुडाळ)
बॅटरी बदलायची घाई नको. आधी काकींच्या आगळाबद्दल बोलतो. तांब्याचा काळेपणा आंबटाने निघतो, हे बरोबर. पण तुमच्या टर्मिनलवर साधा काळेपणा नाही. बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं, त्याची वाफ पोस्टच्या (क्लॅम्प बसतो त्या शिशाच्या खुंटीच्या) बुडाशी झिरपते आणि वायरीतलं तांबं खाते. तो निळा-हिरवा थर म्हणजे मोरचूद. सुपारीवर चुन्यात कालवून फवारतो तेच, म्हणून उघड्या हातांनी खरवडू नका. अशा जागी तुम्ही आंबटावर आंबट घातलंत, वर आगळात मीठ. नट गंजणार नाही तर काय!

इथे सोडा पाहिजे. खायचाच सोडा, कपभर पाण्यात एक मोठा चमचा. इंजिन बंद, हातमोजे, चष्मा, बोटातली अंगठी काढून ठेवा. आधी मायनस सोडायची, मग प्लस. कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस लावलेली असताना प्लसवरचा पाना पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तो पेट घेतो. लावताना उलटं, प्लस आधी. काही गाड्या बॅटरी काढल्यावर दरवाजे लॉक करतात, तेव्हा काच खाली ठेवा आणि किल्ली खिशात.

टोपणं घट्ट आहेत ना ते बघून जुन्या टूथब्रशने सोड्याचं पाणी लावा. फसफसतं. फसफस थांबेपर्यंत लावत राहा. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं आम्ल मारेल, तेवढं सांभाळा. मग गोड्या पाण्याने धुवा. विहीर मचूळ असेल तर पिण्याचं पाणी घ्या. खालचा ट्रेही धुवा, तिथे ओघळलेलं आम्ल हळूहळू पत्रा खातं.

आता लोक जिथे चुकतात ते. क्लॅम्प बाहेरून चमकतो, आतून काळाच राहतो. करंट जातो तो आतल्या पृष्ठभागातून. पॉलिश पेपरची सुरळी करून आत फिरवा, पोस्टही शिशाचा उजळ राखाडी रंग दिसेपर्यंत घासा. पूर्ण कोरडं करून क्लॅम्प घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. खात्री करायची असेल तर मल्टिमीटरची एक सुई पोस्टवर, दुसरी क्लॅम्पवर ठेवून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. जवळपास शून्य व्होल्ट यायला हवं.

बंदरावरचो (मालवण)
मी गाडीवाला नव्हे, होडीवाला. आमच्या बॅटऱ्यांवर खारं पाणी उडतंच, म्हणून एवढंच सांगतो: खोबरेल लावू नका. आमच्यात एकाने लावलं, उन्हात पातळ होऊन सगळं खाली गेलं आणि वर धूळ चिकटली. मी ग्रीस लावतो. आणि त्याआधी पोस्टच्या बुडाशी नमद्याची लाल-हिरवी चकती घालतो, स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळते.

घाटावरचा (कोल्हापूर)
एवढं कशाला? उकळतं पाणी ओता, दोन मिनिटांत साफ. माझी तर वर्षानुवर्षं तशीच चालते.

वायरमन (कुडाळ)
दादा, थर विरघळतो, पण आम्ल मरत नाही, ते ट्रेवर जाऊन बसतं. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत खपून जात असेल. इथे जूनपासून सगळंच ओलं.

माडाखाली, एक राहिलं. साफ केल्यावरही बारा दिवसांत परत आलं, तर कारण शोधा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १४ ते १४.५ ठीक. १५च्या वर गेलं तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय, बॅटरी उकळतेय, आम्ल बाहेर येणारच. इंजिन बंद करून गाडी रात्रभर ठेवल्यावर १२.६च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४च्या खाली असेल तर बाजारापर्यंतच्या फेरीने ती भरत नाहीये, सावंतवाडीपर्यंत एक चक्कर मारा.

माडाखाली (वेंगुर्ला)
रविवारी केलं. फसफस बघायला काकी आली आणि "सोड्यान वडे फुगतत, ह्या काय?" म्हणून गेली. क्लॅम्पच्या आत खरोखर काजळी होती, पॉलिश पेपरचे दोन तुकडे संपले. चालू इंजिनवर १४.३, सकाळी १२.३. म्हणजे उपाशीच होती बिचारी. सावंतवाडीला जाऊन आलो, येताना चकत्या आणल्या.

प्लसच्या पोस्टच्या बुडाशी केसाएवढी चीर दिसतेय, पुसलं तरी तासाभरात ओलसर होते. जेली लावून चतुर्थी निघेल का?

वायरमन (कुडाळ)
चतुर्थी निघेल, दर चार दिवसांनी सोड्याच्या पाण्याने पुसत राहा. पण चीर बुजत नाही. पाहुणे परतले की बॅटरी बदला, आणि जुनी देऊन दुकानदाराकडून पैसे वळते करून घ्या, शिशाला भाव असतो.