ब्लूज जॅममध्ये स्टेज वाटून घेताना: शिस्त, कुरघोडी आणि उपाय (अनुभव धागा)

धागाकर्ता

जॅमला वाजवायला जाणारे, जॅम चालवणारे आणि साउंड सांभाळणारे, सगळ्यांना आमंत्रण. पद्धत शिकागोत काय किंवा मुंबईत काय, साधारण एकच: हाउस बँड (त्या जागेचा नेहमीचा बँड) पहिला सेट वाजवतो, मग होस्ट वहीतली नावं पुकारून एकमेकांना अनोळखी अशा चार-पाच जणांना एकत्र चढवतो. गटाला तीन गाणी किंवा पंधरा-वीस मिनिटं. तालीम नाही, कागद नाही.

'अमक्याने माझा सोलो खाल्ला' छापाची गाऱ्हाणी कृपया नकोत, नावंही नकोत. काय बिघडतं, का बिघडतं आणि त्यावर काय करायचं, तेवढं लिहा.

बेस

निम्मी भांडणं गाणं सुरू व्हायच्या आधीच्या वीस सेकंदांतच पेरलेली असतात. गाणारा नुसता 'ए मध्ये ब्लूज' म्हणतो आणि मोकळा होतो. सांगायच्या गोष्टी पाच: की (पट्टी) कुठली, चाल कुठली (शफल, स्लो ब्लूज, रंबा, फंक), क्विक चेंज आहे का, सुरुवात कोण आणि कुठून करणार, मध्ये थांबे आहेत का. 'ए मध्ये शफल, क्विक चेंज, गिटार टर्नअराउंडपासून सुरू करेल' एवढं वाक्य पुरतं (टर्नअराउंड म्हणजे शेवटचे दोन बार). मग लय चुटकीने दाखवायची आणि ड्रमरला मोजू द्यायचं.

साचा सगळ्यांना पाठ असतो असं गृहीत धरतात, पण तो एकच नाही. साधा (बार म्हणजे चार मात्रा; वन, फोर, फाइव्ह म्हणजे कीच्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या सुरावरच्या कॉर्ड): चार बार वन, दोन फोर, दोन वन, मग फाइव्ह, फोर, वन आणि बाराव्याला पुन्हा फाइव्ह. क्विक चेंजमध्ये दुसऱ्याच बारला फोरवर जाऊन तिसऱ्याला वनवर परत यायचं. हे आधी बोललं नाही की दुसऱ्या बारला निम्मा बँड ए वर आणि निम्मा डी वर, आणि लगेच एकमेकांकडे रागाने बघणं सुरू.

तबल्याकडून किंवा गाण्याकडून आलेल्यांसाठी: बारा बार म्हणजे बारा मात्रा नव्हेत. हे ४८ मात्रांचं आवर्तन आहे, आणि ठेका काळ सांगतो तसा कॉर्डही सांगते. अकरा-बारा बारवर हौसेने तिहाई टाकली आणि लय जुळली, तरी तिचे सूर त्या कॉर्डमध्ये बसले नाहीत तर ती चूकच ऐकू येते.

कोणी हुकलं तर? गायक एक बार आधी आला तर सगळ्यांनी त्याच्याकडे उडी मारायची; शब्द असलेला माणूस नेहमी बरोबर. सोलोवाला हुकला तर मात्र बेस आणि ड्रम जागचे हलत नाहीत. तो पुढच्या वनवर येऊन मिळतो. त्याच्या मागे धावलं की दोन बारांत सगळेच हरवतात.

गिटार

ब्लूजची ओळ चार बारांची, आणि गाणं तीन ओळींचं: पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी उत्तराची. गायक साधारण पहिले दोन बार गातो, पुढचे दोन मोकळे सोडतो. म्हणजे तिसरा-चौथा, सातवा-आठवा आणि अकरावा-बारावा बार ही भरण्याची जागा. बाकी वेळी फक्त रिदम. ब्लूजचे दिग्गज गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना वाजवत नसत. ओळ संपली की गिटार उत्तर द्यायची. गाणारा आणि वाजवणारा एकच असूनही त्यांना हे पाळावंसं वाटत होतं, तर दुसऱ्याच्या गाण्यावर लिक्स (छोट्या ठरीव सुरावटी) पाजळण्याचा हक्क आपल्याला कुठून आला?

भरायच्या जागा तीन आणि हात चार असतील तर वाटून घ्या: पहिलं कडवं हार्मोनिका, दुसरं गिटार. दोन गिटार असतील तर एकाने खालच्या तारांवर शफल धरायची, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटच्या वर तीन सुरांच्या छोट्या कॉर्ड मारायच्या. दोघेही खालीच बसले की बेस ऐकू येत नाही.

सोलो किती, याचं गणित करून बघा. १२० च्या (मिनिटाला १२० मात्रांच्या) शफलमध्ये एक कोरस, म्हणजे बारा बारांची एक फेरी, २४ सेकंदांचा, ६० च्या स्लो ब्लूजमध्ये ४८. स्लो ब्लूजमध्ये सहा कोरस घेणारा जवळजवळ पाच मिनिटं खातो, तेही पंधरा मिनिटांच्या स्लॉटमधली. दोन कोरस पुरे. तिसरा हवा असेल तर दुसऱ्याच्या दहाव्या-अकराव्या बारला गाणाऱ्याकडे बघा. त्याने मान हलवली तर घ्या. डोळे मिटून वाजवणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि बरेचदा दिसू नये म्हणूनच ते मिटलेले असतात.

साउंडच्या टेबलावरून

गिटारवाल्याला स्वतःचा आवाज कमी का वाटतो? अॅम्प जमिनीवर, स्पीकर पोटऱ्यांच्या उंचीवर आणि तो त्याच्या पुढ्यात उभा. स्पीकरचे तिखट सूर सरळ रेषेत जातात, कानापर्यंत चढत नाहीत. तो ट्रेबल वाढवतो, मग व्हॉल्यूम, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुई घुसते. उपाय फुकट आहे: अॅम्प मागे कलता करा किंवा खुर्चीवर ठेवा, तोंड त्याच्याच डोक्याकडे. लहान जागेत १५ ते २२ वॅटचा ट्यूब अॅम्प भरपूर होतो. ८५ वॅटचा फेंडर ट्विन अॅम्प तिथे दोनवर ठेवला तरी दांडगाई करतो.

स्टेजवरचा आवाज वाढला की गायक मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगतो, मॉनिटर वाढला की माइक शिट्टी मारतो, आणि शिव्या आम्हाला. गिटारचा नॉब रिदमला सहा-सातवर ठेवून सोलोला दहावर न्या. मुळातच दहावर असलात तर सोलोला अॅम्पकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

स्टेजवर चढण्याआधी ट्यूनिंग झालेलं असावं. वर फक्त तपासायचं, तेही ट्यूनर पेडलवर, आवाज बंद करून. केबल काढताना आधी अॅम्प स्टँडबायवर किंवा व्हॉल्यूम शून्यावर. नऊ पेडलांचा बोर्ड आणू नका. तुमची जोडणी होईपर्यंत दुसऱ्याचं एक गाणं जातं.

ड्रम

सेट हाउस बँडचा असतो. स्वतःच्या काठ्या आणा; बदलायचं तर फक्त स्टुलाची उंची, आणि झांजांचे स्टँड हलवायचे असतील तर विचारून. जाताना होतं तसं करून द्या.

गाण्यावर आणि हार्मोनिकावर बंद हाय-हॅट (पायाने मिटायच्या जोड-झांजा), गिटार सोलोच्या दुसऱ्या कोरसला राइड (मोठी झांज). आवाज चढवायला जागा उरावी म्हणून सुरुवात खालून. सोलोवाल्याच्या नादाने लय पळते, ती धरणं हे ड्रमरचं काम, आणि यात मान खाली घालून 'सॉरी' म्हणण्यासारखं काही नाही. स्लो ब्लूज बारा-आठमध्ये (प्रत्येक मात्रेचे तीन भाग) असतो. त्यात मध्येच दुप्पट लय सुरू करणारा ड्रमर गायकाची कणीक तिंबतो.

हार्मोनिका

चुकीच्या कीचं हार्प (हार्मोनिका) हा जॅममधला सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळता येणारा अपघात. गाण्याच्या कीच्या चौथ्या सुराचं हार्प घ्यायचं: ई ला ए, ए ला डी, जी ला सी, सी ला एफ, डी ला जी. म्हणजे ए, सी, डी, एफ, जी अशी पाच जवळ असली की बरीचशी जॅम भागते. मायनर असेल तर ए मायनरला जी, डी मायनरला सी. हळूच एक सूर फुंकून तपासायचं असेल तर माइकपासून दूर.

गाण्याचा माइक मुठीत पूर्ण झाकू नका. त्याच्या जाळीमागच्या झरोक्यांमुळे तो मागचा आवाज टाळतो. ते बंद केले की तो चहूकडून ऐकू लागतो आणि मॉनिटर किंचाळतो. स्वतःचा बुलेट माइक (मुठीत धरायचा, हार्मोनिकासाठीचा) आणि छोटा अॅम्प आणा. आणि स्टेजवर एका वेळी एकच हार्प. खाली खुर्चीवर बसून साथ करणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे!

सॅक्सोफोन

थोडक्यात. गिटारवाल्यांना ई आणि ए सोपे, आमच्यासाठी काटेरी: वाजत्या ए साठी टेनरला बी आणि ऑल्टोला एफ शार्प वाजवावा लागतो. बी फ्लॅट आमचा लाडका, टेनरला तो सरळ सी. 'बी फ्लॅटमध्ये मोकळ्या तारा मिळत नाहीत' म्हणून नकार देणाऱ्यांनी जी किंवा सी वर तडजोड करावी.

की सांगायच्या बोटांच्या खुणा: वर एक बोट जी, दोन डी, तीन ए, चार ई. खाली एक एफ, दोन बी फ्लॅट, तीन ई फ्लॅट. काही बँड तीच बोटं वन-फोर-फाइव्हसाठी वापरतात, तेव्हा आधी विचारा.

एक वाचक

मुळात ब्लूज हीच कुरघोडीची कला नाही का? शिकागोत समोरच्याला वाजवून हरवायची परंपरा होतीच. तिथले ब्लूजवाले मडी वॉटर्स, जिमी रॉजर्स आणि हार्मोनिकावाला लिटल वॉल्टर यांना 'हेडहंटर्स' म्हणत, कारण दुसऱ्यांच्या क्लबात जाऊन ते तिथल्या बँडवर मात करत. गिटारवादक बडी गाय लांबलचक केबल लावून प्रेक्षकांत, रस्त्यावरसुद्धा जायचे.

बेस (वरचाच)

हो, पण ते तिघे एकमेकांवर मात करत नव्हते, एकत्र मिळून करत होते. वॉल्टरचं हार्प मडीच्या गाण्याला जागा देतं म्हणूनच तो आवाज घडला. स्पर्धा जाहीर असेल तर खुशाल करा. जॅमच्या वहीत नाव लिहिलेला चौथा माणूस स्पर्धेला आलेला नसतो. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाचा शेवट मोठ्या नावांच्या एकत्र जॅमने व्हायचा. अशा वेळी स्टेजवर गिटारच गिटार असतात; एक जण वाजवत असताना बाकीच्यांनी आवाज कमी केला नाही तर नुसता गोंगाट.

होस्ट

वहीत गिटारवाले नऊ आणि ड्रमर दोन, हे ठरलेलंच. म्हणून नावं आली त्याच क्रमाने गट होत नाहीत. हे पहिल्याच घोषणेत सांगून टाकावं, नाहीतर पंक्तिप्रपंचाचा आरोप येतो. नवख्याला कधीच चार नवख्यांबरोबर चढवू नये. हाउस बँडचा बेस किंवा ड्रमर त्याच्या पाठीशी ठेवावा. ज्येष्ठाला शेवटचा स्लॉट हवा असतो. द्यावा, पण वेळ सांगून.

न थांबणाऱ्याला थांबवायचं कसं? आधी ड्रमरला हाताने खाली आणायचं. आवाज पडला की सोलो उघडा पडतो. मग गायकाने माइकवर त्याचं नाव घेऊन टाळ्या मागायच्या. टाळ्यांवर कोणी वाजवत राहत नाही. तरीही राहिलाच तर मूठ वर, म्हणजे या कोरसनंतर शेवट. रात्रभर जे काही सुनवायचं ते खाली उतरल्यावर, बाजूला घेऊन. स्टेजवर शिकवणी घेणारा माणूस मला सहा कोरसवाल्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो.

नवीन सदस्य

सोलो अजिबात येत नाही, फक्त शफल रिदम येते. नाव द्यावं का?

होस्ट

जरूर. वहीत नावापुढे 'फक्त रिदम, जी आणि ए' असं लिहा. सोलो तुमच्याकडे आला की मान नकारार्थी हलवून पुढच्याकडे बोट करायचं. कोणी विचारत नाही. असा माणूस मला एकाच रात्री दोन गटांत लागतो, तेव्हा लवकर जाऊ नका.