नवीन मिडसाइज सेडान घेतोय, पुढे थोडं ट्यूनिंग करायचंय – बेस म्हणून कुठली बरी?

घाटवळण:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. जुनी हॅचबॅक आता काढायची आहे आणि नवीन सेडानच घ्यायची हे पक्कं आहे, एसयूव्ही कृपया सुचवू नका, आईला उंच गाडीत चढायला त्रास होतो आणि मला स्वतःला गाडी वळणावर खाली चिकटून बसलेली आवडते. यादी तीनवर आणलीय, होंडा अ‍ॅकॉर्ड १.५ टर्बो, टोयोटा कॅमरी आणि ह्युंदाई सोनाटा एन लाइन. आकडे अमेरिकन स्पेकचे बघितलेत, अ‍ॅकॉर्ड १९२ हॉर्सपॉवर, कॅमरी आता फक्त हायब्रिडच येते ती २२५ (फोर व्हील ड्राइव्ह घेतली तर २३२), आणि सोनाटा एन लाइन थेट २९०.

माझ्या डोक्यात असं चाललंय की अ‍ॅकॉर्ड घ्यायची आणि जे पैसे वाचतील त्यात इनटेक, एक्झॉस्ट, ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि १९ इंची अ‍ॅलॉय असं हळूहळू करत जायचं. रेसिंग वगैरे काही नाही, रोजचं ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर मनसोक्त चालवायची. गाडी निदान आठ-दहा वर्षं ठेवणार. हे गणित बरोबर आहे का, आणि सुरुवात कशापासून करू?

गिअरबॉक्स आधी:
स्वागत. गणित उलट्या बाजूने मांड असं सांगेन. सगळे आधी इंजिन बघतात, पण ज्याला पुढे पॉवर वाढवायची आहे त्याने सगळ्यात आधी गिअरबॉक्स बघायचा, कारण गाडीत वरची मर्यादा बहुतेक वेळा तोच ठरवतो.

१.५ टर्बो अ‍ॅकॉर्डला सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक. दोन पुलींच्या मध्ये स्टीलचा पट्टा, आणि पुली त्याला दाबून धरतात त्या दाबावर सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, पलीकडे जातो. इंजिन स्टॉकमध्येच, म्हणजे कंपनीतून येतं तसंच, साधारण २६० एनएम टॉर्क देतं आणि तेही अगदी खालच्या आरपीएमपासून. रीमॅप करून अजून चढवलास की पट्टा घसरायची शक्यता वाढते, आणि स्टीलचा पट्टा एकदा जरी पुलीवर घसरला तरी तिथे ओरखडा उठतो, मग तो ओरखडा पुन्हा पट्ट्याला खातो, धातूची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते आणि ते दुखणं तिथून वाढतच जातं. म्हणून सीव्हीटीवाल्या गाडीचे चांगले ट्यूनर टॉर्क मुद्दाम आखडून ठेवतात, म्हणजे तू पैसे पूर्ण भरणार आणि मिळणार अर्धवट.

सोनाटा एन लाइनला २.५ टर्बो, ४२२ एनएम आणि ८ स्पीड वेट ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वेट म्हणजे क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या, उष्णता तेल घेऊन जातं, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये आणि चढावर ड्राय क्लचपेक्षा बऱ्याच निवांत राहतात. २९० घोडे कंपनीनेच दिलेत, त्यांच्या मापाचं कूलिंग दिलंय, त्यांच्या मापाचा गिअरबॉक्स दिलाय, वर वॉरंटी. अ‍ॅकॉर्ड रीमॅप करून तिथपर्यंत आणायची म्हटलं तर टर्बो, इंधनाची बाजू, गिअरबॉक्स, काहीच पुरं पडणार नाही.

कॅमरीबद्दल एक गैरसमज आहे तेवढा काढतो. तिच्यातही ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं पण पट्टा-बिट्टा काही नसतो, प्लॅनेटरी गिअर आणि दोन इलेक्ट्रिक मोटर असतात. टिकायला फार दणकट. पण इंजिन, मोटर, बॅटरी यांचं वाटप कॉम्प्युटर करतो, त्यामुळे नुसता इंजिनाचा रीमॅप करून हाती फारसं लागत नाही. ज्याला हात लावायचाच नाही त्याच्यासाठी उत्तम गाडी, तुझ्यासाठी नाही.

काळं रबर:
वरच्यांशी सहमत, फक्त पॉवरच्या आधी मी टायर म्हणेन आणि कितीही जणांनी विचारलं तरी हेच म्हणेन. गाडी पळते, थांबते, वळते ते सगळं तळहाताएवढ्या चार ठिकाणांवर, बाकी काहीही बदललं तरी शेवटी सगळं तिथूनच जातं. कंपनी जे टायर देते ते मायलेज, आवाज आणि आयुष्य बघून दिलेले असतात, पकड त्यानंतर. चांगले टायर टाकून बघ, तीच गाडी पावसात वेगळी वाटते, स्टीअरिंगला उत्तर लगेच मिळतं.

आता १९ इंचाबद्दल. कॅमरीचीच मापं उदाहरण म्हणून घे. २१५/५५ आर १७ आणि २३५/४५ आर १८ या दोन्हींचा बाहेरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर येतो, २३५/४० आर १९ चा साधारण ६७१, म्हणजे स्पीडोमीटरला काही फरक पडत नाही, सगळं बसतं. पण साइडवॉल बघ, १७ ला ११८ मिलिमीटर रबर आहे आणि १९ ला फक्त ९४. खड्ड्यात गेली की तो अडीच सेंटिमीटरचा फरक रिमला कळतो आणि मागे बसलेल्यांना त्याहून जास्त कळतो. शिवाय स्वस्तातलं १९ इंची अ‍ॅलॉय बहुतेकदा जड असतं, आणि चाकाचं वजन हे स्प्रिंगच्या खालचं वजन, ते वाढलं की सस्पेन्शनला चाक रस्त्याला धरून ठेवणं अवघड जातं, पिकअपही मंदावतो. माझं मत विचारशील तर हलकं १८ इंची आणि त्यावर पहिल्या दर्जाचा टायर. घेताना पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधल्या भोकाचं माप तिन्ही जुळव, नुसते बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं असं नसतं. लोड इंडेक्स कंपनीने दिलाय त्याच्या खाली अजिबात जाऊ नकोस, ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०.

आणि ब्रेक. मोठ्या डिस्कचे किट दिसायला भारी असतात पण जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस लागतोय ना, मग एका थांबण्यापुरती तुझ्या ब्रेकची ताकद पुरेशी आहे, तिथे अंतर कमी करतो तो टायरच. ब्रेक कमी पडतात ते उतारावर पुन्हापुन्हा मारल्यावर, तापून. त्यासाठी आधी चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि ओलावा धरल्यावर मानकाप्रमाणे तेच १५५ वर येऊ शकतं. लांब उतारावर पेडल अचानक मऊ लागायला लागलं, पाय नेहमीपेक्षा खोल जायला लागला, की समजायचं आत वाफ झालीय. दर दोन वर्षांनी बदल, खर्च किरकोळ आहे.

बूस्ट हवा:
सगळे मिळून त्याला रीमॅपपासून पळवून लावू नका हो. टर्बो गाडीचा नीट केलेला रीमॅप हा पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त जाणवणारा बदल आहे, नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (म्हणजे टर्बो नसलेल्या) इंजिनात हाती फार थोडं लागतं पण टर्बोत वीस-पंचवीस टक्के सहज मिळू शकतात, कारण बूस्ट, म्हणजे टर्बो आत दाबतो त्या हवेचा दाब, वाढवायला जागा असते. फक्त बेस गाडी तशी हवी. तुमच्याकडे मिळत असेल तर यादीत स्कोडा सुपर्ब २.० टीएसआय घाल, नव्या पिढीची २६५ पीएस फोर बाय फोर. ते ईए८८८ इंजिन ट्यूनिंगवाल्यांच्या हातात वर्षानुवर्षं आहे, त्याचं कुठे दुखतं ते सगळ्यांना पाठ आहे, डीएसजी या तिच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही सोबत ट्यून करता येतं. आणि डिकी एवढी मोठी की घरचे खूश.

मात्र क्रम चुकवू नकोस. नुसता इनटेक लावून आवाज बदलतो, गाडी नाही. उघडा कोन फिल्टर तर उलट बॉनेटखालची गरम हवा ओढतो. टर्बो गाडीला खरा फायदा चांगल्या इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करतो तो), कारण लागोपाठ दोन-तीनदा दाबून चालवली की आत जाणारी हवा तापते, ईसीयू नॉक (इंजिनात मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तुला वाटतं गाडी आज दमली. रीमॅपआधी आणि नंतर लॉग (चालत्या गाडीच्या ईसीयूतली आकड्यांची नोंद) काढून घे, त्यात इनटेकचं तापमान आणि टायमिंग किती मागे येतंय ते बघ, आणि जो ट्यूनर लॉग दाखवायला कांकू करतो त्याच्याकडे गाडी सोडू नकोस. पेट्रोल ज्या ऑक्टेनसाठी मॅप बनवलाय तेच भरायचं, दरवेळी.

अजून एक, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबणं बंद करायचं. तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो, जोरात झाला तर पिस्टन फुटतो. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचं घे, ती ग्रेड २०२० मध्ये आली आणि तिच्यात या गोष्टीची चाचणी आहे. आणि कॅट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हण, बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि वासाने घरचे वैतागतात ते वेगळंच.

घाटवळण:
एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. सीव्हीटीचं वाचून अ‍ॅकॉर्ड तर डोक्यातून उतरलीच. सुपर्ब इथे मिळत नाही. म्हणजे सोनाटा एन लाइनकडे कल झुकतोय. तरी दोन शंका राहिल्यात, लोअरिंग स्प्रिंगबद्दल कोणीच बोललं नाही, आणि रीमॅप केला व सर्व्हिसला जाताना पुन्हा स्टॉक फाइल टाकली तर वॉरंटीवाल्यांना कळतं का?

पाना आणि जॅक:
वर्कशॉपमध्येच काम करते म्हणून यावर लिहिते. कळतं. बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरलं, याचा आकडा राहतो, स्टॉक फाइल टाकली म्हणजे अजून एक फ्लॅश झाला, तो आकडा मागे जात नाही. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना तर सिस्टिममध्ये टीडी१ असा शिक्का लागतो आणि तो पुढे प्रत्येक डीलरला दिसतो. लपवण्याचा विचार सोडा दादा, वॉरंटी संपेपर्यंत इंजिनाला हात लावू नका. २९० मध्ये तुमची पहाट मजेत जाईल. आणि काहीही बदललंत तरी इन्शुरन्सला लेखी कळवा, अपघातानंतर सर्व्हेअरने शोधून काढलं तर क्लेम अडकतो.

स्प्रिंगचं सांगते. स्टॉक शॉकअ‍ॅब्जॉर्बरवर नुसत्या छोट्या स्प्रिंग टाकल्या की शॉकचा प्रवास कमी होतो, गाडी सारखी बंप स्टॉपवर आपटते आणि मग कडक नाही तर उडती लागते. जवळजवळ ४० मिलिमीटर खाली केलेली एक सेडान आमच्याकडे आली होती, तक्रार एवढीच की मागून हुंकार येतो. बाहेरून मागचे टायर चांगले दिसत होते, रेषा शाबूत. लिफ्टवर घेऊन आतून हात फिरवला तर आतली कड पूर्ण गेलेली, तारा बोटाला टोचत होत्या. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, वाढला होता आणि स्प्रिंग बसवणाऱ्याने अलाइनमेंट केलीच नव्हती. हायवेला तो टायर फुटला असता. त्यात आताच्या गाड्यांना पुढे रडार आणि काचेवर कॅमेरा असतो, गाडीची उंची किंवा कल बदलला की त्यांची नजर बदलते, अनेक गाड्यांना पुन्हा कॅलिब्रेशन लागतं आणि ते सगळीकडे होत नाही.

गाडी वळणावर झुकते हीच तक्रार असेल तर स्प्रिंगऐवजी मागचा अँटी-रोल बार जाड टाका. उंची तशीच राहते, राइड फारशी बिघडत नाही, आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी वळणावर नाकाने बाहेर पळते ते कमी होतं. पण आधी टायर, मग गरज वाटली तर बार. एकदम खूप जाड घेऊ नका, पावसात मागची बाजू सुटायला लागते.

घाटवळण:
ताई, हे वाचून स्प्रिंगचा विषय संपला. ठरलं, सोनाटा एन लाइन, पहिली काही वर्षं फक्त टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू तेवढं सांगा कोणीतरी.

गिअरबॉक्स आधी:
मोकळ्या रस्त्यावर दाबून बघण्यात वेळ घालवू नकोस, ती पळणारच आहे. ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून चालण्याच्या वेगाने ने, पाच-दहा मिनिटं, ड्युअल क्लच तिथे थरथरतो का बघ. चढावर थांबवून रिव्हर्स घे. ओबडधोबड रस्त्यावर एकदा मागच्या सीटवर तू स्वतः बस, सेल्समनला चालवू दे. मग ओल्या किंवा धुळीच्या जागी पहिल्या गिअरमध्ये जरा जोर दे, ४२२ एनएम पुढच्या दोनच चाकांवर येतात तेव्हा स्टीअरिंग हातातून ओढतं का ते कळेल, काहींना ते खपतं, काहींना नाही.

काळं रबर:
आणि डिलिव्हरीच्या आधी पाचही टायरची तारीख बघ, स्पेअर दिला असेल तर तोही. साइडवॉलवर डॉटच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, ३४२५ म्हणजे २०२५ चा चौतिसावा आठवडा. वर्षभराहून जुने निघाले तर सही करायच्या आधी बोल, नंतर कोणी ऐकत नाही.