राजीनामा लिहून द्यावा का?

प्रश्न (जळगाव): परराज्यातील एका ऑनलाइन शिक्षण कंपनीत मी घरूनच गणिताचे तास घेतो. कोविडनंतर शाळा उघडल्यावर विद्यार्थी घटणार हे दिसत असतानाही व्यवस्थापनाने जाहिरातींवर वारेमाप पैसा उधळला आणि त्याची झळ आता आम्हाला बसते आहे. स्वतःहून राजीनामा द्या, अन्यथा अनुभवपत्र मिळणार नाही, असे फोनवर सांगण्यात आले. काय करावे?

उत्तर (धुळे): भाऊ, राजीनामा मुळीच देऊ नका. ‘कामावरून कमी करत असल्यास लेखी कळवावे’ एवढा ईमेल पाठवा. पगारपत्रके आजच उतरवून घ्या, लॉगिन केव्हाही बंद होते.

उत्तर (भुसावळ): छाटणीत एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन मिळते, पण ते कायद्याच्या व्याख्येतील कामगाराला, शिक्षक त्या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ठरवले आहे. त्यामुळे तुमची खरी भिस्त नेमणूकपत्रातील नोटिशीच्या कलमावर आहे.

प्रश्नकर्ता: कलम सापडले, दोन महिन्यांचे आहे, ईमेल पाठवतो. मात्र चोपडा, शहादा भागातील ज्या पालकांनी कापसाच्या पैशातून दोन वर्षांची फी एकदम भरली, त्यांच्या मुलांना पुढे कोण शिकवणार, हेही त्यात विचारणार आहे.